आगाऊ आभार

वीरूचं पत्र आलं. इंग्रजीत, टाइप केलेलं,
रजिस्टर्ड, पोचपावतीसकट.
पोस्टमन म्हणाला, बाई, सही करा.
आतही सहीच मागितली होती.

डियर सिस्टर,
आय मोस्ट हंबली रिक्वेस्ट युअर गुड सेल्फ.
मी चष्मा पुसला.
गुड सेल्फ म्हणजे मी.
उदगिरात, नळेगाव रोडला,
दाराशी मिरच्या वाळत घालून बसलेली,
पदरानं शिंका आवरणारी,
ती मी गुड सेल्फ.

हक्कसोडपत्र सोबत जोडलं आहे, काइंडली.
तिसऱ्या पानावर, काइंडली.
आपल्या सवडीनं, पण पंधरा तारखेच्या आत, काइंडली.
शेवटी, थँकिंग यू इन ॲंटिसिपेशन.
म्हणजे आगाऊ आभार.
आमच्या घरात आगाऊ हा शब्द
फक्त त्याच्यासाठी वापरायचे.

असल्या वागण्याला इंग्रजीत काय म्हणतात
हे मला यायला हवं.
एकोणतीस वर्षं अकरावी-बारावीला तेच शिकवलं.
पोलाइट पुरत नाही.
दुसरा एक लांबलचक शब्द आहे, जिभेवर तेलकट बसणारा,
पण तो हुजऱ्याला शोभतो,
आणि हा कुठला हुजऱ्या, प्लॉट तर ह्यालाच हवाय.
कोल्ड म्हणावं, तर मायना किती ऊबदार!
मराठीत शोधलं. लाघवी, गोडबोल्या, लोचट,
एकही त्याच्या मापाचा निघाला नाही.

अप्पा कापडाच्या दुकानात मुनीम,
निजामाच्या वेळची उर्दू शिकलेले.
उधारी थकवलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायचे, तशरीफ रखिए,
आणि तो गेल्यावर आम्हाला:
माणूस इतका वाकला की समजावं,
एक तर काही उचलू लालाय
नाही तर काही झाकू लालाय.

हा वीरू.
नळाला घागर लावायच्या भांडणात
माझ्या मनगटाला चावला होता.
दोन दातांची खूण अजून आहे.
तेव्हा प्लीज म्हणाला नव्हता.
ए नंदे, सरक की, काय करू लालीस,
एवढंच.
त्या 'सरक'मध्ये दोघांपुरती जागा होती.

पत्र पुन्हा वाचलं.
सहीच्या वर, हातानं लिहिलेलं,
युअर्स ओबिडियंटली.
मधला आय गाळलेला.

दहावीला इंग्रजीत दोनदा गेला होता तो.
लाईट गेलेली, चिमणी पेटवून
मीच घोकून घेतला होता रजेचा अर्ज.
काइंडली कुठं टाकायचं, थँकिंग यू कुठं.
सायबाला लिहिताना रागवायचं नाही,
मागायचंसुद्धा नाही, विनंती करायची.
सगळं पाठ झालं, तो आय सोडून.
चिडून म्हणायचा, मी ओबिडंट म्हणतो,
आय ऐकू येतोय कुठं? मग लिहायचा कशाला?

त्यानंतर त्याला इंग्रजी कुणी शिकवलंच नाही.
आणि बहिणीला कसं लिहायचं
हे माझ्या पुस्तकात नव्हतं.
किंवा असेलही,
मी ऑप्शनला टाकलं असेल.

लाल पेन काढला. आय घातला.
काइंडली एकूण सात, सहा खोडले.
कुठला ठेवावा, यात दुपार गेली.
खाली शेरा: दहापैकी नऊ.
एक मार्क का कापला
ते घरी येऊन विचार.
तिसरं पान तसंच कोरं.

पोस्टात काउंटरला बिराजदारांचा पोरगा,
माझाच विद्यार्थी.
रजिस्टर्ड का मॅडम, त्यानं उभं राहून विचारलं.
बस रे, म्हटलं.
साधंच पाठव.